दारातले ते दोघे : मॉर्मन मिशनरींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या लीहाय गावात आम्हाला चौदा वर्षं झाली. इथे नोकरीसाठी नवं मराठी कुटुंब आलं की पहिल्या महिन्यात मला दोन प्रश्न हमखास येतात. एक, गोडा मसाला कुठे मिळतो. दुसरा, पांढरा शर्ट आणि टाय घातलेली दोन पोरं दारात उभी आहेत, काय करू? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यासाठी हे पान.

मी मॉर्मन नाही, होणारही नाही. पण शेजारचा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर लहानाचा मोठा झाला, दोन वर्षं फिलिपिन्सला मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जाऊन आला. तिथून दर सोमवारी येणाऱ्या त्याच्या ईमेलच्या यादीत मीही होते. शिवाय एका उन्हाळ्यात माझे सासरे वाईहून आले असताना मिशनरींची एक जोडी तीन महिने आमच्याकडे येत होती. माझी माहिती तिथली आहे.

१. मॉर्मन म्हणजे नक्की कोण? ख्रिश्चनच ना?

ते स्वतःला ख्रिश्चनच म्हणवतात. बाकीच्या अनेक ख्रिश्चन पंथांना मात्र ते मान्य नाही. संस्थेचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात ती स्थापली. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण एका ग्रंथाचं भाषांतर केलं, असं त्याचं सांगणं होतं. तो ग्रंथ म्हणजे ‘बुक ऑफ मॉर्मन’, आणि लोकांनी ठेवलेलं नाव त्यावरूनच आलं. बायबलही ते मानतात. १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या तुरुंगात जमावाने स्मिथला ठार मारलं. त्यानंतर ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग ही मंडळी पश्चिमेकडे निघाली आणि जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. आपल्या गावाचं लीहाय हे नावही त्याच ग्रंथातलं.

२०१८ पासून ‘मॉर्मन’ न म्हणता पूर्ण नाव घ्यावं, असा संस्थेचा आग्रह आहे. तुम्ही मला मॉर्मन म्हणूनच विचारता, म्हणून मीही इथे तेच लिहिलंय. समोर बोलताना मात्र पूर्ण नाव घेतलंत तर त्यांना बरं वाटतं.

२. दोघांच्याही बिल्ल्यावर ‘एल्डर’ लिहिलंय. सख्खे भाऊ आहेत का?

हा प्रश्न इतक्यांदा आलाय की हसूही येत नाही. ‘एल्डर’ ही पदवी आहे, पुढे असतं ते आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा, आणि ज्याला म्हणायचं त्याला धड मिसरूडही फुटलेलं नसतं. मुलींना ‘सिस्टर’ म्हणतात. मिशनवर असेपर्यंत पहिलं नाव वापरत नाहीत, जोडीदारही एकमेकांना आडनावानेच हाक मारतात. शेजारच्या मुलाने लिहिलं होतं की सहा महिन्यांनी बाजारात कोणीतरी त्याच्या नावाच्या दुसऱ्याच कोणाला हाक मारली आणि त्याला मान वळवायचं सुचलंसुद्धा नाही.

३. कोण जातं? किती काळासाठी? सक्ती असते का?

मुलगे २४ महिने, मुली १८ महिने. २०१२ मध्ये मुलग्यांचं किमान वय १९ वरून १८ वर आणि मुलींचं २१ वरून १९ वर आणलं (२०२५ मध्ये तेही १८ केलं), तेव्हापासून मुलींची संख्या बरीच वाढली. निवृत्त जोडपीही जातात. आजघडीला जगभरात ७० हजारांहून जास्त मिशनरी आहेत.

कागदोपत्री सक्ती नाही. मुलग्यांकडून मात्र ते अपेक्षितच असतं, मुलींना मोकळीक असते. आपल्याकडे दहावीनंतर सायन्स घेण्याची जितकी सक्ती असते, तितकीच म्हणा. कोणी जबरदस्ती करत नाही, फक्त न घेणाऱ्याला लग्नाकार्यात प्रत्येक काका ‘का रे?’ विचारतो.

४. कुठे जायचं ते कोण ठरवतं?

ते मुलाच्या हातात नसतं. तो अर्ज भरतो, डॉक्टरचे आणि दाताचे दाखले जोडतो, स्थानिक पुढाऱ्यांच्या मुलाखती होतात. मग सॉल्ट लेकमध्ये चर्चच्या बारा प्रेषितांपैकी, म्हणजे वरिष्ठ पुढाऱ्यांपैकी, एक जण त्याची जागा ठरवतो. पूर्वी जाड पांढरं पाकीट यायचं, आता ऑनलाइन पत्र येतं. ते उघडायचा सोहळा एकदा तरी बघा. शेजाऱ्यांकडे दिवाणखान्यात तीसेक माणसं होती, भिंतीवर जगाचा नकाशा, आणि प्रत्येकाने आपापल्या अंदाजाची टाचणी टोचलेली. माझी टाचणी मी भाबडेपणाने पुण्यावर लावली होती. पोराने फोनवर वाचायला सुरुवात केली आणि ‘फिलिपिन्स’वर आवाज चिरकला. त्याच्या आईने हसत टाळ्या वाजवल्या आणि लगेच स्वयंपाकघरात निघून गेली.

५. पगार किती मिळतो?

एक पैसाही नाही, उलट पदरचेच जातात. अमेरिकेतल्या तरुण मिशनरीला जुलै २०२० पासून महिना ५०० डॉलर भरावे लागतात, म्हणजे दोन वर्षांचे १२ हजार. टोकियोला जा नाहीतर टोगोला, रक्कम तीच. सगळे पैसे एका सामायिक निधीत जातात आणि तिथून जागेच्या खर्चाप्रमाणे वाटले जातात. अनेक मुलं लहानपणापासून यासाठी साठवतात. शेजारच्या मुलाने तीन उन्हाळे अख्ख्या गल्लीतलं गवत कापलं, आमचंसुद्धा. गरीब देशांतल्या मुलांना निधीतून मदत मिळते.

६. इतक्या लवकर परकी भाषा कशी बोलायला लागतात?

प्रोव्होमध्ये मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे पन्नासहून जास्त भाषा शिकवतात. भाषा शिकायची नसेल तर मुक्काम साधारण तीन आठवडे, असेल तर सहा ते नऊ. पहिला टप्पा हल्ली घरूनच ऑनलाइन होतो. व्याकरणाच्या फंदात न पडता पहिल्या काही दिवसांतच त्या भाषेत प्रार्थना करायला आणि शिकवायला लावतात.

शेजारच्या मुलाला सेबुआनो ही फिलिपिन्समधली भाषा मिळाली. केंद्रात सगळ्यांत पुढे होता म्हणे, आणि सेबूला उतरल्यावर रिक्षावाल्याचं एक अक्षर कळेना. सगळ्यांत आधी उपयोगी पडलेला शब्द केंद्रात शिकवलेलाच नव्हता. तिथल्या घरांना घंटी नसते, अंगणाबाहेर उभं राहून ‘आयो!’ अशी हाळी द्यायची. त्याच्या ईमेलमधला तो शब्द मी सासूबाईंना वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या, “अगं बाई, कोणी चिमटा काढला त्याला?”

७. त्यांचा दिवस कसा जातो?

साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता. मग ग्रंथवाचन आणि जोडीदाराबरोबर बसून दिवसाच्या धड्यांची तयारी, नवी भाषा असेल तर तिचा अभ्यास. दहाच्या सुमारास बाहेर, रात्री नऊच्या आसपास घरी, दुसऱ्या दिवसाची आखणी, साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून वेळापत्रकात देशाप्रमाणे थोडी सूट आहे. सिनेमा नाही, टीव्ही नाही, प्रेमप्रकरण तर नाहीच. फोन मिळतो, पण त्यावर निर्बंध असतात.

बाहेरचे हे दहा-अकरा तास म्हणजे मुख्यतः चालणं आणि नकार ऐकणं. ठरवून दिलेल्या भेटींपैकी निम्म्या लोक विसरतात. एकदा शेजारच्या मुलाने जुलैतला एक दिवस तासातासाने लिहून पाठवला होता. सकाळी एका आजीबाईंनी आत घेतलं, धडा अर्ध्यावर असताना वीज गेली, अंधारात त्यांनी तो संपवला, शेवटी कळलं की आजीबाई झोपल्यात. दुपारी भर पावसात चाळीस मिनिटं चालून एका घरी गेले, तर आतून लहान मुलगा ओरडला, “आई म्हणतेय आई घरी नाही.” संध्याकाळी कोणाच्या तरी घराला पत्रे ठोकायला मदत केली. खाली एकच ओळ होती : “चांगला दिवस होता.”

अशी अंगमेहनतीची मदत हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. इथेही सामान हलवायला किंवा बर्फ उपसायला ते आनंदाने येतात. मदत घेतली म्हणून प्रवचन ऐकलंच पाहिजे असं नाही.

८. कायम जोडीनेच का फिरतात? पटलं नाही तर?

नियमच आहे, जोडीदार नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. एकटेपणा मिळतो तो न्हाणीघरात. सुरक्षितता हे एक कारण आणि एकमेकांवर लक्ष हे दुसरं. जोडीदार निवडता येत नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, त्यात तो बदलू शकतो किंवा तोच गळ्यात राहू शकतो.

पटलं नाही तर सहन करायचं. फारच झालं तर मिशनच्या प्रमुखाला सांगायचं. हा प्रमुख आणि त्याची बायको तीन वर्षांसाठी आलेले असतात आणि शेकडो पोरांचे तात्पुरते आईबाप असतात. शेजारच्या मुलाचा एक जोडीदार बारा आठवडे जेवताना मिटक्या मारायचा. पोराने देवाकडे धीर मागितला, मग कापसाचे बोळे विकत आणले.

९. घरच्यांशी बोलता येतं का?

हो. फेब्रुवारी २०१९ पासून आठवड्यातून एकदा फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. त्याआधी वर्षातून दोनच फोन, नाताळला आणि मदर्स डेला, बाकी ईमेल. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुणं, बाजारहाट आणि पत्रं यासाठी मोकळा असतो. तो दिवसही संध्याकाळी संपतो, आणि पोरं पुन्हा टाय लावून बाहेर पडतात.

१०. युटात सगळे मॉर्मनच आहेत, मग इथे मिशनरी कशाला?

सगळे नाहीत. आपण आहोत की! शिवाय जन्माने मॉर्मन पण चर्चला न जाणारेही पुष्कळ, त्यांच्याकडेही फेऱ्या होतात. ज्याने ब्राझीलची स्वप्नं बघितली त्याला घरापासून चार तासांवर पाठवलं की त्याचा चेहरा बघवत नाही.

११. आत बोलावलं तर काय शिकवतात?

‘प्रीच माय गॉस्पेल’ नावाची त्यांची मार्गदर्शिका आहे, धडे त्यातलेच. पहिला धडा जोसेफ स्मिथचा आणि चर्च पुन्हा कसं स्थापन झालं त्याचा. दुसरा, जन्माआधी आपण कुठे होतो आणि मेल्यावर कुठे जातो याचा. मग श्रद्धा, पश्चात्ताप, बाप्तिस्मा (पाण्यात बुडवून चर्चमध्ये घेण्याचा विधी), आणि पुढे रोज पाळायचे नियम, उदाहरणार्थ उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देणं. पाठांतर म्हणून दाखवत नाहीत, प्रश्न विचारत पुढे जातात. सुरुवातीला आणि शेवटी प्रार्थना. जाताना काहीतरी कबूल करून घेतात : इतकी पानं वाचाल का? हे खरं आहे का असं देवाला विचाराल का? रविवारी याल का? बाप्तिस्म्याचा प्रश्नही लवकरच येतो, आणि सरळ हो की नाही असा येतो.

माझे सासरे नाना, निवृत्त गणित शिक्षक. त्यांना तीन महिने बोलायला माणूस नव्हता आणि या दोघांना ऐकून घेणारा माणूस नव्हता, त्यामुळे जमलं. मला नानाच म्हणा असा त्यांचा आग्रह. पोरं ‘नॅना’ म्हणायची, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ आजी होतो हे त्यांना कोणीच सांगितलं नाही. नानांनी पुस्तक पहिल्या पानापासून पेन्सिलीने खुणा करत वाचलं आणि शंकांची वही केली. एल्डर उत्तरं शोधून आणायचे, नाना त्यांना गुण द्यायचे. एकदा दहापैकी सहा मिळाले म्हणून धाकटा एल्डर खरोखर खट्टू झाला.

गाडी अडली ती वेगळ्याच जागी. नाना म्हणाले, “देव एकच आहे, वाटा निराळ्या. तुमची तुम्हाला, आमची आम्हाला.” आपल्याकडे या वाक्यावर विषय संपतो आणि चहा येतो. एल्डरांसाठी विषय तिथे सुरू होतो. खरा अधिकार पृथ्वीवरून नाहीसा झाला होता आणि तो आमच्याच चर्चमधून परत आला, हा त्यांच्या शिकवणीचा कणा आहे. ‘सगळ्या वाटा सारख्या’ याला ते मान डोलावू शकत नाहीत. नाना दोन दिवस गप्प होते. मग मला म्हणाले, “पोरं प्रामाणिक आहेत. गोड बोलून वेळ मारून नेता आली असती त्यांना.”

१२. ‘नको’ कसं सांगायचं? वाईट वाटतं हो!

‘नको’ म्हणूनच सांगायचं. “धन्यवाद, आम्हाला रस नाही, पुन्हा येऊ नका.” एवढं पुरतं. त्यांना असे नकार रोज मिळतात, ते हसून निघून जातात.

खरा घोटाळा आपल्या ‘बघू’ने होतो. आपल्यात ‘बघू’ म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. एल्डरला कळत नाही. बाप्तिस्म्याबद्दल विचारल्यावर नाना इंग्रजीत म्हणाले, “वी विल सी.” मोठ्या एल्डरने लगेच कॅलेंडर उघडून तारीख विचारली. एका मराठी कुटुंबाने पाच महिने ‘बघू’, ‘पुढच्या आठवड्यात’, ‘सध्या पाहुणे आहेत’ असं चालवलं आणि मग घंटी वाजली की दिवे घालवून बसू लागले. ती पोरं दर आठवड्याला त्यांच्यासाठी प्रार्थना करत होती. यात मला चूक आपलीच वाटते. एकोणीस वर्षांच्या मुलाला उन्हातून पाच महिने चालवण्यापेक्षा एक स्पष्ट नकार बरा.

नुसत्या गप्पा मारायच्या असतील तर तेही आधीच सांगा. जेवायला बोलवलंत तर आवडीने येतील, फक्त धडा घेणारं कोणी नसेल तर फार वेळ बसणार नाहीत.

१३. चहा चालतो का? मग द्यायचं काय?

चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. १८३३ सालच्या त्यांच्या आरोग्यनियमातलं हे पथ्य आहे. ग्रीन टी आणि आइस्ड टीसुद्धा नाही. आग्रह करू नका, ‘घोटभर’सुद्धा नको. दूध, ताक, पन्हं, लिंबू सरबत सगळं चालतं. कोकम सरबत दिलंत तर आधी काय आहे ते सांगा. आमच्याकडे तो रंग बघून दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मी वाइनच ओतली असावी.

आता अवघड प्रश्न, गवती चहा. नावात चहा असला तरी ते गवत आहे, त्यात चहापत्ती नसेल तर हरकत नाही, कारण काढे त्यांना चालतात. फक्त देताना ‘टी’ म्हणू नका.

१४. मी एकटीच घरी होते, पाणी देते म्हटलं तरी आत आले नाहीत. काही चुकलं का?

काही नाही. एल्डरांनी एकट्या बाईच्या घरात जायचं नाही असा त्यांचा नियम आहे, दुसरा एखादा मोठा पुरुष हवा. सिस्टर असतील तर उलट. पाणी दारातच द्या.

१५. या लोकांना अनेक बायका असतात ना?

चर्चने १८९० मध्ये बहुपत्नीत्व थांबवल्याचं जाहीर केलं, आता तसं करणाऱ्याला काढून टाकतात. टीव्हीवर दिसतात ते फुटून निघालेले वेगळे गट. मिशनरींना हा प्रश्न रोज येतो. विचारा, पण त्या पोराला अजून एकही मैत्रीण मिळालेली नसते हे ध्यानात ठेवा.

१६. आमचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, मित्रांबरोबर त्यांच्याकडे जातो. आमच्या नकळत बाप्तिस्मा देतील का?

नाही. अल्पवयीन मुलाला पालकांच्या परवानगीशिवाय बाप्तिस्मा देत नाहीत. बास्केटबॉल आणि सहलींना बंदी नसते आणि तिथे मिशनरी असू शकतात. तेव्हा मुलाशी घरी बोला. एल्डरांशीही थेट बोलता येतं, त्यासाठी प्रश्न १२ मधला सूर वापरा. मोठेपणी बाप्तिस्मा घेऊन पुढे मन बदललं, तर लेखी विनंती करून नाव काढता येतं.

१७. भारतात असतात का? पुण्या-मुंबईकडे?

हो, भारतात बंगळुरू आणि नवी दिल्ली इथे त्यांची मिशन, म्हणजे प्रचाराची केंद्रं, आहेत, बंगळुरूचं १९९३ पासून. काम करणारे बहुतेक भारतीयच तरुण.

पण गोष्ट जुनी आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला आला. सॉल्ट लेक वसून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. त्याचं काम मुख्यतः छावणीतल्या गोऱ्या लोकांत चाललं, आणि लष्करी अधिकाऱ्यांना ते आवडलं नाही. मूठभर माणसं जमली आणि काही वर्षांत तो सगळा खटाटोप बंद पडला. हे मी नानांच्या एल्डरांना सांगितलं, तर त्यांना माहीतच नव्हतं. त्या दिवशी नानांनी मला दहापैकी दहा दिले.

१८. कोणी मध्येच परत आलं तर?

येतात, आजारपणाने, मनाच्या थकव्याने, कधी नियम मोडल्याने. अधिकृतपणे त्यांना सांभाळून घ्या असंच सांगितलं जातं, आणि तब्येतीमुळे जाऊ न शकणाऱ्यांसाठी घरी राहून सेवा करायची सोयही आहे. पण गल्लीतली कुजबुज अधिकृत नसते. शेजारणीच्या नात्यातली एक मुलगी आठ महिन्यांत परतली. रविवारी तिला जो तो विचारायचा, “इतक्यात आलीस?” अशा मुलीला कसं काय चाललंय एवढंच विचारा. कारण तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.

१९. सगळ्या देशांत असंच दारोदार फिरतात?

नाही. इस्राएलमध्ये धर्मप्रचार न करण्याचं चर्चने कबूल केलंय. रशियात २०१६ च्या कायद्यानंतर त्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणतात आणि उघड प्रचार बंद आहे. युटातही हल्ली दारं ठोठावण्यापेक्षा ओळखीतून आणि फोनवरून जास्त काम चालतं.

२०. परत आल्यावर मुलं बदलतात का?

बदलतात. काहींची श्रद्धा पक्की होते, काही जण पुढे चर्च सोडतात, बरेच जण वर्षा-दोन वर्षांत लग्न करतात.

आमच्या शेजारच्या मुलाचं एवढंच सांगू शकते. आला त्या संध्याकाळी स्थानिक पुढाऱ्याने त्याला रीतसर मोकळं केलं आणि त्याने बिल्ला काढला. खिशावर, बिल्ल्याच्या जागी, कापडाचा रंग थोडा गडद राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणातून ‘आयोऽ’ अशी हाळी आली. बाहेर जाऊन बघते तर घंटीपासून हातभर अंतरावर तो उभा, आणि शेजारी त्याची नऊ वर्षांची बहीण, चपला उलट्यासुलट्या घातलेली. तिला का आणलंस म्हणून विचारलं, तर ओशाळला. दोन घरं ओलांडून एकट्याने यायचं होतं, पण फाटकापर्यंत येऊन पाय थबकले, म्हणून परत जाऊन तिला झोपेतून उठवून आणली होती.